शेजारणीला विचारा

चुडाव्यात मालनबाई येताना दिसल्या की लेकरं हसतात आणि आया घर आवरायला धावतात. मालनबाई गावच्या आशाताई. दीड वर्ष त्या दर आठवड्याला घरोघरी जात आल्या आणि आयांना एकच गोष्ट शिकवत आल्या: लेकरू चिडलं तर धपाटा घालू नका, आधी मांडीवर घ्या, काय होतंय ते ओळखा. बायकांनी पहिल्यांदा नाकं मुरडली, मग ऐकलं. गावातली रडारड कमी झाली, हे बहिऱ्यालाही कळलं असतं.

आता या भेटींचा उपयोग झाला का, हे तपासायला परभणीहून आरोग्य खात्याचा धम्मानंद आला. अहवाल वाईट निघाला तर भेटी बंद होणार होत्या. मालनबाई घरं दाखवायला त्याच्या पुढं पुढं चालू लागल्या.

पहिलं घर ईश्वरीचं. तिचा शंभुराज वाटी वाजवत खुदूखुदू हसत होता.

"लेकरू चिडचिड करतं का?" धम्मानंदनं विचारलं.

"लय करतं. जीव नकोसा केलाय," ईश्वरी म्हणाली.

शेजारच्या त्रिवेणीनं आपल्या मुलीबद्दल तेच सांगितलं. तपासायला निवडलेल्या बाराही घरांत तीच रड. दीड वर्ष चपला झिजवल्या आणि या भवान्यांनी एका दुपारीत सगळ्यावर पाणी ओतलं! मालनबाईंना भर रस्त्यात रडू यायचं तेवढं बाकी होतं.

स्टेशनाकडे जाताना धम्मानंदनं वेळ बघायला मोबाइल काढला. त्यावर एक गुबगुबीत पोरगी खळखळून हसत होती.

"तुमची का? लय गुणाची दिसायली," मालनबाई म्हणाल्या.

"कशाची गुणाची? नुसती रडकी हाय," तो बोलून गेला आणि जागीच थांबला. फोटोतल्या पोरीच्या गालावर काजळाची तीट होती.

मालनबाईंना हसू आवरेना. परक्यापुढं आपल्या लेकराला चांगलं म्हणायचं नाही, नजर लागते, हे दोघांनाही आपापल्या आईनं शिकवलं होतं. घरोघरी कागद भरताना तेवढंच दोघं विसरले होते.

"आता खरं कसं कळावं?" धम्मानंदनं विचारलं.

"शेजारणीच्या लेकराचं विचारा की. तिथं कुणाचीच जीभ अडत न्हाई."

दुसऱ्या दिवशी ईश्वरीला त्रिवेणीच्या पोरीबद्दल विचारलं. "तिला काय झालंय? पोरगी दिवसभर हूं का चूं करत न्हाई. आमच्याच वाट्याला हे कार्टं." त्रिवेणीला शंभुराजाचं विचारलं, तर तिनंही त्याचं कौतुक करून असाच सुस्कारा टाकला. जिथं भेटी झाल्या नव्हत्या अशा एका गावातही धम्मानंदनं हाच प्रश्न विचारला. तिथं शेजारच्या लेकरांबद्दलच्या तक्रारींना कागद पुरले नाहीत. प्रश्न का बदलला, तेही त्यानं अहवालात इमानदारीनं लिहिलं.

दिवाळीआधी पत्र आलं: भेटी चालू ठेवाव्यात. मालनबाईंनी ते तीनदा वाचलं, तिन्ही वेळा डोळे भरून आले.

"काय म्हणतंय पत्र?" बायकांनी घेरलं.

"काय न्हाई. चाललंय म्हणे कसंबसं," मालनबाई म्हणाल्या, आणि ईश्वरीच्या काजळाच्या डबीत बोट बुडवून त्यांनी पत्राच्या कोपऱ्याला तीट लावली.