बायकोनं मला जासूस ठरवलं

माझ्याच बायकोनं मला घराबाहेर काढायला एकदा अख्खा मोहल्ला गोळा केला, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

लढाईचे दिवस होते. जबलपुरात आमची तोफांची फॅक्टरी जादा वेळ चालून राहिली होती आणि शेजारीपाजारी जासूस शोधून राहिले होते. (सापडत कोणी नव्हता!) त्यातच सुशीला, माझी बायको, जिन्यावरून पडली. डोक्याला जबर मार बसला. हॉस्पिटलातून घरी आली तेव्हा बोलायची, पण माणसं ओळखायची नाही. "घरात गोंगाट नको, अचानक बदल नको," डॉक्टरांनी बजावलं होतं. मला ती मोठ्या मुश्किलीनं, मिशीवरून ओळखू लागली होती.

एका रविवारी ती झोपली असताना शेजारणीला बसवून मी दाढीला गेलो. न्हावी रेडिओवर बातम्या ऐकत होता. आपली फौज पुढे सरकली, आणि आनंदात त्याचा वस्तराही! अर्धी मिशी गेली. उरलेली ठेवून काय करणार?

घरी आलो, शेजारणीला तिच्या घरी पाठवलं, सिगडीवर भात चढवला. तेवढ्यात सुशीला उठली.

"कोण तुम्ही?"

"अगं, मी!"

"मी कोण? काहून शिरलात घरात? आमचे हे आले ना, तर बघतील तुम्हाला!"

तिचे ओठ थरथरत होते. इतक्या दिवसांत कमावलेली ओळख गेली की काय? घाबरून मी मोठ्यानं समजावू लागलो, तशी ती त्याहून मोठ्यानं ओरडली. शेजारचे तिवारीजी लाठी घेऊन धावले, मागे चारजण.

"तिवारीजी, मैं जोशी!"

त्यांनी मला खालीवर न्याहाळलं. "आवाज़ तो जोशीजी की है। मगर जासूस नकल भी कर लेते हैं!"

सुशीला भिंतीला टेकून रडत होती. जवळ जावं तर ती भेदरते, बाहेर जावं तर दारात लाठी! इतक्यात करपल्याचा वास आला. मी धावलो, पातेलं नुसत्या हातानं उचललं, "आई गं!" म्हणून किंचाळलो. भात तिवारीजींच्या पायांपर्यंत पसरला.

आणि सुशीला हसली. पडल्यापासून पहिल्यांदा!

"हेच ते," ती म्हणाली. "भात रोज असाच करपवतात. आमचेच."

दुसऱ्या दिवशी तिला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी आधी माझ्या हाताला मलमपट्टी केली, मग माझ्याकडे बोट करून तिला विचारलं, "घर में इनकी देखभाल कौन करता है?"

"मी," सुशीला म्हणाली.