हॉइटचा पायगुण

बेलफोर्ट कॉलेजच्या फुटबॉलमधला एकही मोठा क्षण हॉइट प्रुइटने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता, आणि अलाबामातल्या त्या गावात याहून मोठी नामुष्की नसते. त्या कॉलेजात गावातलं कुणी शिकलेलं नव्हतं. हॉइटचा तर जन्म कोंबडीखाद्याच्या गिरणीत पोती उचलण्यात गेला. पण शनिवार उजाडला की अख्खं गाव त्या कॉलेजचं.

भानगड सुरू झाली ट्रकच्या दिव्यांवरून. वीसेक वर्षांपूर्वी डेल्बर्टच्या, म्हणजे हॉइटच्या मेव्हण्याच्या गॅरेजात सगळे टीव्हीपुढे बसले होते. सामना गेल्यात जमा. ट्रकचे दिवे चालू राहिलेत म्हणून हॉइट बाहेर गेला आणि नेमका तेव्हाच आपल्या एका पोराने तो लांबट चेंडू काखोटीला मारून अख्खं मैदान पार केलं. पुढच्या वर्षी तो कुत्रं हाकलायला गेला, तर धुक्यात लाथाडलेला चेंडू दोन खांबांमधून आरपार. मग डेल्बर्टने निकालच देऊन टाकला, "दाजी, तुमचा पायगुण दाराबाहेरच चांगला."

तेव्हापासून सामना अडला की सगळ्यांच्या माना हॉइटकडे वळत. तो मुकाट्याने उठून अंगणातल्या पिकॅनच्या झाडाखाली जाऊन उभा राही. आतून गलका उठला की समजायचं, फत्ते.

खरा जाळ पेटायचा तो आठवणी निघाल्यावर. उकडलेल्या शेंगा सोलता सोलता डेल्बर्ट तो धुक्यातला चेंडू असा काही रंगवायचा, की हॉइटला त्याचे डोळेच काढून घ्यावेसे वाटत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू घेऊन बसलेली सासूसुद्धा म्हणायची, "पाहिलाय बाई मी तो." हॉइटकडे सांगायला काय? झाड. मरायच्या आधी एकदा, एकच क्षण, आपल्याही डोळ्यांपुढे घडावा, एवढंच त्याचं मागणं होतं.

परवा वॉर्नर कॉलेजशी गाठ पडली. शेवटची चाल, बेलफोर्ट चार गुणांनी मागे. डेल्बर्ट टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाला, "दाजी, निघा."

हॉइट उठायला गेला, तर घडीच्या खुर्चीत त्याचा गुडघाच धरला. तो धडपडतोय तोवर चेंडू उंच सुटला. दोघा वॉर्नरवाल्यांच्या पंजांवर आपटून उडाला, आणि उताण्या पडलेल्या बेलफोर्टच्या पोराने तो उजव्या हाताने, जमीन वीतभर उरली असताना, छातीशी ओढला. हॉइटने सगळं पाहिलं. पापणीसुद्धा लवली नाही.

बेलफोर्ट जिंकलं. लोकांनी गॅरेज डोक्यावर घेतलं. तेवढ्यात दारात हॉइटचा जावई ट्रेंट उभा. या पोराला खेळातलं ढिम्म कळत नसे. "काय झालं?" त्याने विचारलं.

डेल्बर्ट त्याच्याकडे बघतच राहिला. "जावईबापू, तुम्ही बाहेर होतात?"

"बर्फ आणायला गेलो होतो."

"घ्या! म्हणजे पायगुण जावयाकडे गेला." डेल्बर्टने ट्रेंटला मिठीच मारली. "दाजी, तुम्ही सुटलात. आता ऐसपैस बसा अन् बघा."

सासूने जावयाच्या जावयाला जवळ बोलावून त्याच्या गालावरून हात फिरवला. वीस वर्षांत तिने हॉइटला असं कधी कुरवाळलं नव्हतं. इतकी वर्षं थंडीवाऱ्यात झाडाखाली उभं राहायचं आपण, आणि बर्फाची एक पिशवी आणून हा गडी मानकरी?

"मी डोळे मिटले होते," तो म्हणाला.

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या.

"गुडघा धरला म्हणून उठता येईना. मग घेतले घट्ट मिटून. मी काही म्हणजे काही पाहिलेलं नाही."

डेल्बर्टने क्षणभर विचार केला. "मग बरोबर," तो म्हणाला, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. ट्रेंट बर्फ ओतायला गेला.

डेल्बर्टने खुर्ची हॉइटसमोर ओढली. "ऐका दाजी, तुम्हाला सांगतो. पोरगं पडलं उताणं, आणि डावा हात असा वर करून..."

हॉइटने ओठ आवळले. मग हळूच विचारलं, "कुठला हात म्हणालास?"