उमादेवींनी ठेवलेला तापाचा तक्ता

लोहाऱ्याच्या उमादेवी स्वामींनी तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली. रिटायर झाल्या, तरी गावाला त्या सिस्टरच. मुलानं, शिवप्रसादनं, पुण्याला जाताना मागं ठेवलेला कॉम्प्युटर त्या साठीनंतर शिकल्या आणि लोकांचे डागाळलेले जुने फोटो दुरुस्त करून देऊ लागल्या. हौसेचं काम. कुणी त्याबदली करडईची भाजी आणून देई, कुणी नुसताच आशीर्वाद.

मे महिन्यात हरणाबाई पदरात गुंडाळून एक फोटो घेऊन आल्या. वारलेल्या नवऱ्याचा तेवढा एकच फोटो, तोही ओल लागून बुरशी धरलेला.

"धनी नीट दिसतील का वो सिस्टर?"

"बघू या. दोन-चार दिवस द्या मला."

काम सुरू झालं आणि कॉम्प्युटर आपोआप बंद पडला. पुन्हा चालू केला, अर्ध्या तासात पुन्हा बंद. दुकानदार फोनवरच म्हणाला, "प्रोसेसर तापतोय. जुना झालाय, बदलून टाका." शिवप्रसादनं मात्र तापमान दाखवणारा एक प्रोग्राम टाकायला सांगितला. तो बघून उमादेवी आणखीच घाबरल्या. चव्वेचाळीसचा आकडा फोटो उघडताच एकाहत्तर, लगेच पुन्हा पन्नास.

"अरे, हा तर उड्या मारतोय!"

"आई, काम पडलं की तापणारच तो. उतरतोय ना, ते बघ."

एवढं बोलून तो मीटिंगला गेला. उमादेवींनी कागदावर रेघा मारल्या: वेळ, ताप, आणि त्या वेळी कॉम्प्युटर काय करत होता ते. टायफॉइडच्या पेशंटचा ठेवावा तसा तीन दिवस तक्ता ठेवला. तिसऱ्या दिवशी त्यावरून बोट फिरवताना त्यांच्या ध्यानात आलं, की सकाळच्या उड्यांत काही वावगं नाही. काम संपलं की आकडा आपसूक खाली येतो. पण दुपारी, काहीच काम नसतानाही, तो पंच्याऐंशीवर अडून बसतो.

म्हणजे आतली उष्णता बाहेर पडत नव्हती.

त्यांनी प्लग काढला आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडलं. पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांत कापसाचा थर चिंध्यांसारखा घट्ट बसला होता. त्याच खोलीत त्या गोधड्या शिवत, आणि डबा जमिनीवर! पंखा बोटानं धरून त्यांनी मऊ ब्रशनं सगळं साफ केलं, डबा स्टुलावर चढवला. मग भर दुपारी काम करताना आकडा चौऱ्याहत्तरला गेला, तरी काम थांबताच पंचेचाळीसला आला. त्यांना हायसं वाटलं.

फोटो तयार झाला. हरणाबाई कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"कपाळावरचा हा वण मी इसरलेच हुते की वो. बैलानं मारलं हुतं त्यास्नी."

"डाग की वण, मला कळेना. म्हणून पुसला नाही."

हरणाबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले.

त्या संध्याकाळी उमादेवींनी तुळजापूरला शांताक्कांना फोन लावला. नोकरीच्या पहिल्या वर्षी याच अक्कांनी त्यांना तक्ता ठेवायला शिकवलं होतं. वेळ आणि पेशंटची अवस्था न लिहिता नुसता ताप लिहिला म्हणून एकदा कागद फाडला होता.

"अक्का, तुमचे आभार मानायचे राहिले होते. तुमच्या तक्त्यानं आज लई मोठं काम केलं."

ऐंशी पार केलेल्या शांताक्कांना नीट ऐकू येत नव्हतं. "पेशंट बरा झाला का?"

"झाला, अक्का."

"मग पथ्य सांगितलंस का?"

उमादेवी हसल्या. फोन ठेवला आणि गोधड्यांचं सगळं सामान उचलून ओसरीवर नेऊ लागल्या.