पियानोसाठी पेटीवाला

"हातोडी! मॅनेजर, या मानसाच्या हातात हातोडी काऊन आहे?"

वसंतशेठ संत्र्याचे बागाईतदार आणि आडते, त्यांचा आवाज लिलावात कमावलेला. त्या शनिवारी सकाळी तो असा फुटला की जाम नदीपलीकडं सावरगावातल्या म्हशींनी दूध चोरलं. मी पायरीवरच थबकलो. आत बैठकीत पियानो. पियानोसमोर धोतर-टोपीतला एक पन्नाशीचा गृहस्थ. हातात हातोडी, आणि ओठांत चार खिळे धरलेले.

"मी पियानोवाला मागतला होता," शेठ ओरडले, "हा तर त्याले पॅक कराले आला!"

गृहस्थानं खिळे शांतपणे तळहातावर काढले आणि मला विचारलं, "साहेब, फळ्या कुठी आहेत?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की घोळ माझा आहे. अर्थात मी ते लगेच कबूल केलं नाही. धंद्यात तसं करत नाहीत.

माझा धंदा बिछायतीचा, म्हणून गावभर मला मॅनेजर म्हणत. पांढुर्ण्यात माझं बिछायत केंद्र होतं: मंडप, गाद्या-लोड, लाऊडस्पीकर आणि मागाल तो कलाकार. सनईवाला, भजनी मंडळ, कव्वाल, जादूगार. एकदा एका बारशाला मी तीन तासांत हत्ती पुरवला होता. खरं तर तो हत्ती वाटेनं जातच होता, पण थांबवला मीच. ऐंशीच्या दशकातले ते दिवस. पांढुर्ण्यात टेलिफोन बोटावर मोजण्याइतके, आणि मला 'नाही' हा शब्द येत नव्हता.

पियानोची गोष्ट अशी. जिनिंग फॅक्टरीच्या जुन्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं, तेव्हा शेठनं हा पियानो घेतला. वाजवायला नाही, दुसरा कोणी घेऊ नये म्हणून. तो घरी आणायला अठरा माणसं आणि एक बैलजोडी लागली. भिंतीला लावला त्या दिवसापासून घर त्या बाजूला दोन बोटं कललं, असं मी आजही सांगतो. त्यावर लेस टाकली, लेसवर फुलदाणी, आणि पियानोचा विषय संपला.

तो पुन्हा निघाला शेठच्या मुलीमुळं. सुलभा नागपूरला गाणं शिकून आली होती. तंबोऱ्यावर रोज पहाटे बसायची. नागपूरच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली, तिनं अर्ज केला. बापलेकीत ठरलं होतं: जागा मिळाली तर नागपूर, नाही मिळाली तर शेठ बघतील त्या मुलाशी लग्न, आणि पुन्हा तक्रार नाही. पोरगी आपल्या हिमतीवर होती. पण अर्ज पोस्टात टाकायला बापाकडं दिला, आणि बापानं वाटेत पेन काढलं. एका रिकाम्या रकान्यात लिहिलं, 'घरी पियानोवादकाच्या साथीवर नित्य सराव.'

बुधवारी शाळेच्या मोठ्या बाईंचं पत्र आलं. इटारसीहून परत जाताना रविवारी दुपारी पांढुर्ण्याला उतरते, दोन तासांनी पुढची गाडी आहे, घरीच गाणं ऐकते. शेवटची ओळ होती, 'पियानोच्या साथीचे विशेष कुतूहल आहे.'

सुलभा म्हणाली, "बाबूजी, मी बाईंले खरं सांगून टाकते."

"अन् सही कोनाची आहे त्या अर्जावर? तुही! तूच खोटी ठरशीन," शेठ म्हणाले आणि माझ्याकडं वळले. "मॅनेजर, पियानोवाला."

"उद्या देतो," मी म्हणालो.

नागपूरला ट्रंक कॉल लावले. ऑर्केस्ट्रावाले सगळे लग्नात अडकलेले. एकानं विचारलं, "पियानो ट्यून केलेला आहे काय?" ट्यून करणं म्हणजे आतल्या तारा ताणून सुरात आणणं. मी म्हणालो, "लेस टाकलेली आहे." त्यानं फोन ठेवला.

मग मला अक्कल सुचली. पियानो म्हणजे काय, तर मोठी पेटी. आपल्याकडं हार्मोनियमला पेटीच म्हणतात. पट्ट्या त्याच, पांढऱ्या-काळ्या. सौंसरला भजनात पेटी वाजवणारा एक जण आहे, असं ऐकून होतो. माझा साळा तिथं बसस्टँडवर चहाचं हॉटेल चालवायचा. मी चिठ्ठी लिहून सौंसरच्या बसच्या कंडक्टरकडं दिली: 'अर्जंट. चांगला पेटीवाला पाठवा. हात जलद पाहिजे. सामान इथं आहे.'

आता तुम्हीच सांगा, यात काय चूक आहे? चूक फक्त महिन्याची होती. संत्र्याचा सीझन चालू होता. त्या दिवसांत पांढुर्णा-सौंसरात पेटी म्हणजे एकच, संत्रं भरायची लाकडी पेटी. आणि पेटीवाला म्हणजे फळ्यांना खिळे ठोकून ती तयार करणारा. साळ्यानं सबंध तहसिलीतला सगळ्यात जलद हात शोधून पाठवला. त्याचा दोष नाही. मी मात्र त्याला पुढं दोन वर्षं सुनावत होतो.

तर असे आले नामदेवजी.

"चूक झाली शेठ," मी शेवटी म्हणालो, "पण माणूस चांगला आहे."

"मी कोनतीच चूक केली नाही," नामदेवजी म्हणाले. "पेटीवाला पायजे होता, मी पेटीवाला आहो."

परतीची बस दुपारी होती. तोवर मीच पियानोवर बसायचं ठरवलं. तरुणपणी मी पेटीवर दोन भजनं वाजवली होती. ती ऐकून लोक रडायचे, का ते विचारू नका. मी बसलो, उजवा हात टाकला. निम्म्या पट्ट्या दाबल्या त्या वर आल्याच नाहीत. आणि डावा हात आपोआप मागं जाऊन हवा मारायला लागला. पेटीला मागून भाता असतो. डाव्या हातानं भाता, उजव्यानं पट्ट्या. पियानोला भाता नसतो, हे मला ठाऊक होतं. माझ्या डाव्या हाताला नव्हतं.

नामदेवजी बघत होते. "साहेब, डाव्या हातानं माश्या हाकलून राहिले काय?"

सुलभा चार दिवसांत पहिल्यांदा हसली. शेठ हसले नाहीत.

"पट्ट्या काऊन अटकून राहिल्या, पाहू काय?" नामदेवजींनी विचारलं. कोणी हो म्हणायच्या आत त्यांनी पियानोची पुढची फळी अलगद उतरवून भिंतीला टेकवली, आणि आत वाकून पाहिलं.

"अरे बाप्पा! याच्यात तर हातोड्याच हातोड्या आहेत!"

खरंच होत्या. ज्यांनी पियानो आतून पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. बाहेरून पट्टी दाबली की आत एक छोटी लाकडी हातोडी तारेवर आपटते. तोच सूर. अशा ऐंशीच्या वर हातोड्या, प्रत्येकीच्या टोकाला नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड. नामदेवजींनी एक बोटानं हलवून पाहिली.

"टोकाले कापड गुंडाळलं. ज्यानं केलं, त्याले ठोकाची सवय नसन. पन जोडाई चांगली आहे."

पट्ट्यांखाली उंदरांनी घर केलं होतं. जिनिंगमधला पियानो, त्यामुळं घर कापसाचं. नामदेवजींनी कापूस काढला तो इतका की एक गादी भरून झाली असती. उंदरांच्या तीन पिढ्या बाहेर आल्या, सगळ्यात म्हातारा लंगडत होता. नामदेवजींनी सैल सांधे ठोकले, एक तुटकी हातोडी पेटीच्या फळीच्या कांबीनं जोडली. त्यांची बस गेली. त्यांना कळलं नाही, आणि मी आठवण करून दिली नाही.

दुपारी सगळ्या पट्ट्या चालू लागल्या. तेव्हा कळलं की सगळ्या बेसूर आहेत. उंदीर होते तोवर निदान गप्प तरी होत्या.

शेठ लोडावर आडवे झाले. "गेली नोकरी," म्हणाले. या वेळी आवाज इतका लहान होता की मी दचकलो. "माह्या एका वळीनं गेली."

सुलभा पियानोजवळ गेली आणि एकेक पट्टी वाजवत, कान देत सरकू लागली. गाणारे आपला सूर पट्टी मोजून सांगतात. सुलभाचा सूर पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी. तिनं ती दाबली. थांबली. पुन्हा दाबली.

"काकाजी, ही थोडी उतरली आहे, पण स्वच्छ आहे." मग खाली सरकली. "आणि हा खालचा पंचमही तिच्याशी जुळतो."

"ऐंशीतल्या दोन पट्ट्या," मी म्हणालो. "दोन पट्ट्यांत काय होतं पोरी?"

"तंबोऱ्यात तरी किती सूर असतात काकाजी? एकदा पंचम, मग तीनदा सा. तेच फिरून फिरून. मला तेवढं पुरतं. फक्त लय हलायला नको. माझ्याच्यानं नाही होणार. पियानो भिंतीला लावला आहे, मी वाजवायला बसले तर बाईंकडं पाठ होईल."

मी बाह्या सरसावल्या. पहिल्या फेरीत बरोबर वाजवलं. दुसऱ्या फेरीत हात भजनाकडं वळला. तिसरीत डावा हात माश्या हाकलायला गेला.

मागून आवाज आला, "टक, ठक ठक ठक." नामदेवजी तळहातावर हातोडी आपटत होते. "एक हलका, तीन पक्के. पोरगी म्हनते ते असंच ना? आमचा खिळा असाच बसते. पहिला टेकवाचा, तीन ठोक्यात आत. दिवसभर तेच करून राहिलो मी."

सुलभानं त्यांच्याकडं पाहिलं, मग पियानोकडं. "मामाजी, या स्टुलावर बसता काय?"

नामदेवजींनी हात धोतराला पुसले आणि बसले. एका बोटानं पंचम, दुसऱ्यानं सा, सा, सा. एकही ठोका इकडं नाही, तिकडं नाही. सुलभानं डोळे मिटून सूर लावला. भिंतीवरचं घड्याळसुद्धा त्यांची लय ऐकून सुधारलं. त्याआधी ते रोज दहा मिनिटं मागं पडायचं.

"पन एक आहे," नामदेवजी वाजवता वाजवता म्हणाले, "खोटं बोलाले लावू नका. मले जमत नाही."

"तुम्ही बोलूच नका," मी म्हणालो. "बोलायचं काम माझं."

रविवारी मी सगळी तयारी जातीनं पाहिली. खिळ्यांचा डबा लपवला. कापूस गोणीत भरून परसात टाकला. नामदेवजींना शेठचा कोट चढवला, तोंडात खिळा नाही ना हे दोनदा पाहिलं. अत्तर शिंपडलं. इतकी वर्षं कलाकार पुरवतो, माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

बाई आल्या. बारीक, चष्मा, बोलणं कमी. खुर्चीवर बसल्या, पाच मिनिटं बैठक न्याहाळली आणि म्हणाल्या, "सुरू करा."

टक, ठक ठक ठक. पंचम, सा, सा, सा. सुलभानं भीमपलासी घेतला. खोटं सांगत नाही, त्या दुपारी पांढुर्णा स्टेशनवर मालगाडी सिग्नल असूनही उभी राहिली. चाळीस मिनिटं ती गात होती. नामदेवजींनी मान वळवली नाही. शेठ दाराआड उभे राहून उपरण्यानं तोंड दाबत होते.

चहा आला. बाईंनी नामदेवजींना विचारलं, "आपण कुठले?"

"सौंसरचे नामदेवजी," मी पुढं झालो. "पेटीतले जुने जाणकार." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

"रियाज किती करता?"

नामदेवजींनी माझ्याकडं पाहिलं. मग खरं ते सांगितलं, "सीझनमंदी रोज साठ पेट्या."

"साठ पलटे, बाई!" मी घाईनं म्हणालो. "पलटे म्हणजे सुरांचे..."

"पलटे म्हणजे काय ते मला माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि चहा संपवला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सुलभाला जागा मिळाली. शेठनं ते पत्र आधी मला, मग आडतीतल्या सगळ्यांना, मग पियानोला वाचून दाखवलं. नामदेवजींना पुढं प्रत्येक सीझनला शेठच्या बगिच्यातलं काम ठरलेलं राहिलं. मलाही धंद्यातलं एक कळलं. पियानोवाला आणायच्या आधी पियानो उघडून पाहावा. आणि माणूस बोलवायचा तर चिठ्ठीत पूर्ण नाव लिहावं, वस्तूचंसुद्धा.

पुढच्या सीझनला शेठनं शाळेसाठी संत्र्याची पेटी पाठवली. ती घेऊन मीच नागपूरला गेलो. बाईंनी पेटीच्या खिळ्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "नामदेवजी बरे आहेत ना?"

मी कान पकडले. म्हणालो, "बाई, तुम्हाला हे कळलं तरी कधी? साठ पेट्या म्हणाले तेव्हा?"

"नाही, आल्या आल्या," बाई म्हणाल्या. "पियानोवर हातोडी होती."