बारीकरावांची न दिसणारी फेड

साडूचा कोट मी कापला तेव्हा माझा हेतू अगदी स्वच्छ होता. कोटही स्वच्छच होता. आदल्या दिवशीच लाँड्रीतून आला होता आणि त्याच्या खिशाशी लाँड्रीची कापडी चिठ्ठी पिनेने अडकवलेली होती. ऑफिसातल्या एका साहेबांच्या निरोपसमारंभात मला भाषण करायचं होतं. भाषण माझं, कोट साडूचा, आणि साहेब जाणार याचा आनंद सगळ्यांचा. चिठ्ठी नखांनी निघेना म्हणून मी स्वयंपाकघरातली कात्री आणली. चिठ्ठी निघाली. तिच्याबरोबर कोटाचा नखाएवढा तुकडाही निघाला. तोही समोरून, जिथे माणसाची नजर सगळ्यात आधी जाते तिथून.

बायकोने कोट पाहिला आणि खालीच बसली.

"ताईला आता काय तोंड दाखवू मी?"

"तुझं तोंड ठीक आहे गं. कोटाचं काय ते बघ."

हा विनोद त्या दिवशी चालला नाही. आमचे साडूसाहेब उसनी दिलेली छत्री परत मिळाल्यावर उघडून, उजेडात धरून, काड्या मोजून घेतात. तेव्हा मी भाषण शर्टावरच उरकलं आणि दुसऱ्या दिवशी कोट काखोटीला मारून लाँड्री गाठली.

लाँड्रीच्या मालकाने भोक पाहिलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. मागच्या बाजूला बोट दाखवून म्हणाला, "बारीकरावांकडे द्या."

वाफेच्या इस्त्रीच्या पलीकडे, खिडकीखाली, एका बुटक्या स्टुलावर एक लांबलचक माणूस घडी घातल्यासारखा बसला होता. खरं नाव कुणी घेत नसे. बारीक काम, बारीक नजर आणि अंगानेही तसेच, म्हणून बारीकराव. त्यांनी कोट मांडीवर घेतला, भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"कशानं झालं?"

"उंदीर," मी म्हणालो.

बारीकरावांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "शिकलेला दिसतोय. कात्री चालवतो."

मग त्यांनी कोटाची आतली शिवण उसवली, दुमडलेल्या कापडातून एकेक धागा ओढून काढला आणि त्याच धाग्यांनी, केसासारख्या सुईने, ते भोक विणायला घेतलं. एक धागा वर, एक खाली. नवीन कापड नाही, ठिगळ नाही, कोटाचंच पोट काढून कोटाचं नाक बसवायचं. दोन दिवसांनी कोट घ्यायला गेलो तर भोक कुठे होतं ते मलाच सापडेना. मी खूश होऊन पैसे पुढे केले, तर ते म्हणाले, "मालकाकडे द्या."

मालकाने पैसे गल्ल्यात टाकले. त्यातलं बारीकरावांकडे काही गेलं नाही. मला चौकशा करायची खोड आहे. बायको तिला नाक खुपसणं म्हणते. त्या खोडीमुळे मी पुढे येता-जाता त्या खिडकीशी थांबायला लागलो आणि हळूहळू सगळी हकिगत कळली. निम्मी बारीकरावांकडून. उरलेली निम्मी, म्हणजे खरी, दुपारी डबा घेऊन येणाऱ्या त्यांच्या बायकोकडून.

काही वर्षांपूर्वी बारीकरावांना स्वतःचं दुकान हवंसं वाटलं. आयुष्यभर दुसऱ्याच्या लाँड्रीत, वाफेत बसून काम केलं. एकदा तरी आपल्या नावाच्या पाटीखाली बसावं. यात वावगं काही नाही. मोठ्या रस्त्यावर गाळा मिळाला. अनामत भरायला, पाटीला, काचेला पैसे हवे होते. लाँड्रीच्या मालकानेच दिले. व्याजाने दिले, पण हसून दिले.

"काच लावली हो भावोजी यांनी!" वहिनी मला डबा उघडता उघडता सांगत होत्या. "जमिनीपासून छतापर्यंत. आत दिवे. हे मधोमध बसायचे. येणारे-जाणारे बघायचे, पेटीतला मासा बघतात ना, तसे."

"उजेड लागतो कामाला," बारीकराव पुटपुटले.

"उजेड लागतो तुम्हाला. गिऱ्हाइकाला अंधार लागतो. मी म्हटलं होतं की नाही?"

वहिनींचं म्हणणं बिनतोड होतं. ज्याचा कोट फाटला आहे त्याला तो फाटला होता हे कुणाला कळू द्यायचं नसतं. तेवढ्याचसाठी तर तो रफू करून घेतो. आणि इथे चमचमत्या पाटीखाली, भर रस्त्यावर, काचेआड उभं राहून त्याने आपलं भोक दाखवायचं! लोक दारापर्यंत यायचे, दोन्हीकडे बघायचे, ओळखीचं कुणी दिसलं की घड्याळात बघितल्यासारखं करून पुढे निघायचे. एक बाई तर म्हणे शाल पर्समध्ये कोंबून आल्या आणि "ही माझ्या शेजारणीची" असं तीनदा सांगून गेल्या. लाँड्रीचं बरं असतं. तिथे धुवायच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात फाटकं बिनबोभाट खपून जातं.

वर्षाच्या आत दुकान बंद झालं. अनामत थकलेल्या भाड्यात गेली. काच पुढच्या भाडेकरूला फुकट मिळाली. बारीकराव परत आपल्या स्टुलावर आले आणि त्यांच्याबरोबर कर्ज आलं.

मालक म्हणाला, घाई नाही, कामातून वळतं करू. थोडे पैसे घरखर्चाला हातात, बाकीचे कर्जापोटी. ऐकायला किती सोयीचं! पण ज्या महिन्यात काम कमी, त्या महिन्याचं व्याज मुद्दलाला जाऊन चिकटायचं आणि पुढच्या महिन्यापासून त्या व्याजालाही व्याज फुटायचं. आणि हल्ली काम कमीच असायचं. लोक फाटलं की नवीन घेतात.

"मुद्दल मी एकदाच घेतलं," बारीकराव मला म्हणाले. "पण असं वाटतं की मी रोज जाऊन थोडं थोडं घेतोच आहे."

त्यांची मुलगी दुसऱ्या गावी होती. तिने आईवडिलांसाठी एक खोली रिकामी ठेवली होती. दर आठवड्याला फोन यायचा, "बाबा, कधी येताय?" ते म्हणायचे, एवढं देणं फिटलं की. नात तेव्हा रांगत होती. पुढे ती चालायला लागली. मग फोनवर बोलायला लागली आणि आजोबांना "तुम्ही खरंच आहात का?" असं विचारायला लागली. इकडे डॉक्टरने बारीकरावांना सांगितलं होतं की बारीक काम सोडा, डोळे फार दिवस साथ देणार नाहीत. डोळे आणि देणं यांची शर्यत लागली होती, आणि देणं पुढे होतं.

एक दिवस मी गेलो तर वहिनी गल्ल्यासमोर उभ्या. मालकाने शिल्लक आकडा सांगितला होता. तो घेतलेल्या रकमेपेक्षा मोठा होता.

"मालक, एवढी वर्षं हा माणूस मान मोडून बसलाय, ते सगळं गेलं कुठे?"

"वहिनी, मी कुठे नाही म्हणतो?" मालक खरोखरच कळवळून बोलला. तो दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर भांडता आलं असतं. "माझ्या लक्षात होते तेवढे रफू मी वळते केले. जास्त झाले असतील तर सांगा, आत्ता कापतो. पण किती झाले?"

कुणालाच माहीत नव्हतं. कपडा गेला की चिठ्ठी फाडून टाकायची, ही लाँड्रीची रीत. बारीकरावांनी कधी मोजलं नव्हतं. मालकाला रफू आठवत नव्हते, व्याज मात्र तोंडपाठ होतं.

इथे माझ्या अंगात वकील संचारला. मी म्हणालो, नेहमीच्या गिऱ्हाइकांचे कपडे मागवा. बारीकराव रफू दाखवतील, आपण मोजू. पाच-दहा कपड्यांत जरी लक्षात न राहिलेले रफू निघाले, तरी आजवर किती विसरले गेले असतील याचा अंदाज येईल. मालक म्हणाला, "माझी काही हरकत नाही."

साडूकडे कोट मागायला मलाच जावं लागलं. म्हटलं, पुन्हा एक निरोपसमारंभ आहे. साडू म्हणाला, "तुमच्या ऑफिसात अजून कुणी उरलंय?"

ठरलेल्या दिवशी गल्ल्यावर कपडे पसरले. दोन सूट, एक लोकरी शाल, काही पँटी आणि साडूचा कोट. मालकाने वरचे सगळे दिवे लावले. मी मोठ्या रुबाबात कोट पुढे ओढला.

"हा घ्या पहिला. भोक मी स्वतः पाडलंय. इथे."

मालक वाकला. "कुठे?"

"इथे. नाही, थोडं खाली. थांबा, हा डावा खिसा ना?"

"डावा तुमचा की कोटाचा?"

मी कोट उलटा केला, सुलटा केला, अंगात घालून पाहिला. घाम फुटला. शेवटी बारीकरावांनी तो घेतला, खिडकीशी नेला, चष्मा पुसला, बोटांनी चाचपला, कापड तिरकं धरून पाहिलं. बराच वेळ. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान उमटलं, परीक्षेत पहिलं आलेल्या मुलासारखं. त्यांनाही सापडत नव्हतं.

ते समाधान फार टिकलं नाही. आपण काय सिद्ध करून बसलो हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी कोटाची हळूच घडी घातली. एका सुटात एक रफू सापडला, पण तो मालकाच्या लक्षातला निघाला. शालीच्या मालकीणबाई मुद्दाम आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "माझ्या शालीला भोक? छे हो, कधीच नव्हतं."

"बाई, तुम्हीच तर आणली होतीत!" वहिनी कळवळल्या.

"शेजारणीची असेल," बाई म्हणाल्या आणि शाल घेऊन गेल्या.

मालकाने सगळ्यांसाठी चहा मागवला. "बारीकरावांवर माझा विश्वास आहे," तो म्हणाला. "पण कापायचं म्हणजे मला काहीतरी दिसायला तरी हवं."

वहिनींनी चहाला हात लावला नाही. त्या नवऱ्याकडे बघत होत्या. आवाज चढवून बोलणारी बाई, पण तेव्हा अगदी हळू म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत एक तरी टाका वाकडा घालायचा होतात."



पुढच्या महिन्यात वहिनी लेकीकडे गेल्या. "मी पुढे होते, तुम्ही मागून या," असं म्हणाल्या. आपण कोपऱ्यावर जाताना म्हणतो तसं. बॅग मी उचलली होती. बारीकराव बसगाडी सुटेपर्यंत खिडकीची काच धरून उभे होते. नातीसाठी त्यांनी एक फ्रॉक दिला होता, जुन्या कापडाचा. त्यात कुठे कुठे रफू होता कोण जाणे.

त्यानंतर मी लाँड्रीत जाणं टाळत होतो. खरं तर माझ्या वकिलीने नुकसान नवं काही झालं नव्हतं. फक्त मधली धुगधुगी गेली होती. आधी त्यांना वाटायचं, कुठेतरी आपलं काम जमा होत असेल. ते कुठेच होत नाही, हे मी चहापाण्यासकट दाखवून दिलं होतं.

शेवटी एका सकाळी गेलो. बारीकराव कुणाची तरी पँट घेऊन बसले होते. डब्याची जागा रिकामी होती. मी इस्त्रीच्या टेबलाला टेकलो.

"हिने काच नको म्हटलं होतं," ते आपणहून बोलायला लागले. "मग म्हणाली, लावताच आहात तर निदान आतून पडदा लावा. मी काय म्हणालो माहितीये? पडदाच लावायचा तर दुकान कशाला घ्यायचं? फार हुशारीचं बोललो असं वाटलं होतं मला तेव्हा. चार जणांना सांगितलं होतं ते वाक्य."

सुईत धागा जाईना. दोनदा, तीनदा. मग त्यांनी सुई माझ्यापुढे धरली. मी ओवून दिली. मलाही लगेच जमलं असं नाही. पण तेवढ्या वेळात त्यांचा तो पुढे आलेला हात मला बघवला नाही.

माझ्याकडे काही पैशांची रास पडलेली नव्हती. ऑफिसच्या पतपेढीतून उचलावे लागले असते. म्हणजे मीसुद्धा कर्ज काढूनच उदार होणार होतो. पण त्या क्षणी मला हिशेब सुचला नाही.

"बारीकराव," मी म्हणालो, "मालकाचं जे काय उरलंय ते मी देऊन टाकतो. तुम्ही उद्याची गाडी धरा, नातीकडे जा. माझे पैसे मला सावकाश द्या, जमेल तसे."

बारीकरावांनी धागा ओढून घेतला, टोकाशी गाठ न मारता कापडात आत सरकवला आणि मान वर न करता विचारलं,

"व्याज किती घेणार?"