चावीच्या ठशाची नानकटाई

दिवाळीच्या तोंडावर बेकरीच्या भट्टीत नंबर लागलेला असला की सर्दी-ताप पाहत बसता येत नाही. नंबर गेला की गेला. गेल्या दिवाळीत माझं नाक गळत होतं, घसा बसला होता, आणि नंबर दुसऱ्या दिवशीचा होता. मैदा, पिठीसाखर, तूप सगळं आणून ठेवलेलं. मी गेले.

पांढुर्ण्यात अजूनही बऱ्याच बाया असंच करतात. सामान आपलं, हात आपले, भट्टी बेकरीवाल्याची. त्याच्या ओट्यावर बसून पीठ मळायचं, गोळे करायचे आणि त्याच्या पत्र्यांवर मांडायचे. भट्टीत एका वेळी तीन-चार घरचे पत्रे जातात, म्हणून प्रत्येकीची आपली खूण असते. कोणी चारोळी लावते, कोणी सुरीने फुली मारते. माझी खूण कपाटाच्या चावीची. चावीचं गोल डोकं गोळ्यावर दाबलं की मध्ये भोक असलेलं वर्तुळ उमटतं. ते कपाट कधीच मोडीत गेलं, चावी मी ठेवली.

नाकाला पदर बांधूनच मी ओट्यावर बसले. शेजारची बाई जरा सरकली. बेकरीवाला हसला.

"माय, सर्दीत कशाले आल्या?"

"तुह्या नंबरानं आणलं."

"भिऊ नका. भट्टीत सारं जळते. सर्दीचा बापही जळते."

"आन् भट्टीतून काढल्यावर? डब्यात मीच भरीन नं?"

त्याने पत्रा आत सरकवला.

मी चौथी शिकले आहे. जंतूंचं मला फार कळत नाही. पण कोरोनात एवढं सगळ्यांनाच कळलं की शिंकणाऱ्या माणसाच्या हातचं कोणापुढे गपचूप ठेवू नये. घरी येऊन साबणाने हात धुतले, पुन्हा पदर बांधला आणि डबे भरले. भरताना एक शिंक आली. तोंड वळवून दिली, पण आली हे खरं. म्हणून ठरवलं, जिला द्यायची तिला आधी सांगायचं. घ्यायची की नाही हे तिचं तिने पाहावं.

शेजारी एक मास्तरीण राहते. सौंसरच्या शाळेत आहे, रोज बसने अपडाऊन करते. तिला आधी विचारलं.

"मले सर्दी आहे, तरी नानकटाई केली. देऊ का?"

ती दारातूनच म्हणाली, "नको काकू. माह्या पोराले लगेच दमा उठते. यंदा राहू द्या. पुढच्या वर्षी डबल घेईन."

"बरं."

झालं. तिने तोंड वाकडं केलं नाही, मी रुसले नाही. दोन मिनिटांत मी परत माझ्या स्वयंपाकघरात होते.

मग सौंसरला बहिणीला फोन लावला. ती माझ्यापेक्षा लहान. घरी संत्र्याची बाग आहे, गावात पक्कं घर आहे. तिच्या नवऱ्याची छाती कोरोनापासून कमजोर झाली, अजून जिना चढला की त्यांना बसावं लागतं. म्हणून तिला विचारणं जास्त जरुरीचं होतं.

आम्ही दोघीच बहिणी. आई लवकर गेली. हिच्या वेण्या मी घातल्या, आणि डोक्यात उवा झाल्या तेव्हा चारचौघांत नाही पण तोंडावर मीच सांगितलं. तीही तशीच. माझा नवरा गेला तेव्हा तेरवीच्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, "ताई, तू रडून नाई राहिली. लोक पाहून राहिले." मी म्हटलं, "पाहू दे." तिने मान हलवली आणि पंगत वाढायला गेली. बाकी सगळ्यांच्या बोलण्याचा अर्थ लावावा लागतो. मुलगा नागपूरहून फोनवर "येतो" म्हणतो, त्याचाही लावावा लागतो. हिच्या बोलण्याचा कधी लावावा लागला नव्हता. म्हातारपणी माझ्याजवळ एवढंच उरलं होतं, आणि मला ते पुरत होतं.

"मले सर्दी झाली वं," मी फोनवर म्हटलं. "त्यातच नानकटाई केली. सरळ सांग, पाठवू का नको?"

"पाठव नं ताई! हे काय विचारनं झालं?"

"जावईबापूच्या छातीचं पाहून विचारून राहिली."

"काई नाई होत त्याईले. तुह्या हातची नानकटाई नसन तं दिवाळी कशाची? फराळाच्या ताटात पयले तेच पाह्यतात."

"पक्कं?"

"पक्कं वं बाप्पा. किती विचारशीन?"

त्याच फोनवर तिने दुसरी बातमी दिली. तिच्याकडे भांडी-कपड्याला येणारी बाई आहे, घराच्या मागच्या गल्लीतच राहते. तिची पोरगी पहिल्या बाळंतपणाला आली होती, मुलगा झाला होता. ती बाई मलाही चांगली ओळखते, बहिणीला काकू आणि बहिणीच्या पोरांसारखी मला मावशी म्हणते. मी म्हटलं, सर्दी गेली की येईन, तेव्हा बाळालाही पाहून घेईन.

दुसऱ्या दिवशी मास्तरणीच्या हाती डबा धाडला. लक्ष्मीपूजनाला बहिणीचा फोन आला. "मस्त झाली वं ताई. यायनं तं पयल्याच दिवशी चार खाल्ल्या." मला बरं वाटलं.

सर्दी पुरती गेल्यावर, तुळशीच्या लग्नाच्या आधी, मी सौंसरला गेले. बागांमधून तोडणी चालू होती, रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते. बहिणीने चिवडा, करंज्या, शंकरपाळे पुढे ठेवले. माझा डबा घासून फळीवर उपडा घातलेला दिसला.

"नानकटाई संपली वं," ती म्हणाली. "एक नाई ठेवली कोनं."

चहा झाल्यावर मी पिशवीतून टोपडं-झबलं काढलं आणि मागच्या गल्लीत गेले. बहीण म्हणाली, "मीही येतो, थांब नं." मी म्हटलं, "घर माहीत आहे मले."

त्या बाईने सतरंजी टाकली. पोरगी डोक्याला फडकं बांधून भिंतीला टेकून बसली होती, खोकत होती. बाळ मांडीवर. त्याचं नाक चोंदलं होतं, श्वास घेताना घरघर ऐकू येत होती.

"पयले पोरीलेच झाली, मंग याले," बाई म्हणाली. "दूधच ओढता येत नाई मावशी. काल दवाखान्यात नेलं, थेंब देल्ले नाकात टाकाले."

चहा आला. बशीत दोन नानकटाया होत्या. दोन्हीवर मध्ये भोक असलेलं वर्तुळ.

"घ्या मावशी. काकूनं देल्ली. आख्खी! पोरीच्या बाळंतपनाची म्हनून. असं कोन देते आजकाल?"

"कधी दिली?"

"दिवाळीच्या आंधी. त्या मास्तरीनबाई डबा देऊन गेल्या नं, त्याच दिवशी. माह्यासमोर पिशवीत ओतली. म्हने, डबा लागते, नानकटाई ने सारी."

मी बशी खाली ठेवली. "तुले सांगितलं का तिनं, ह्या केल्या तवा मले सर्दी होती म्हणून?"

बाईचा हात कपावरच थांबला. "नाई," ती म्हणाली. मग लगेच म्हणाली, "असू द्या नं मावशी. दिवाळीत कोनाले सर्दी नसते?" माझी लाज राखायला म्हणाली, हे मला समजत होतं. पण बोलता बोलता तिने पोरीपुढे ठेवलेली नानकटाईची बशी उचलली आणि फळीवर नेऊन ठेवली. माझ्याकडे न पाहता.

माझ्या नानकटाईनेच बाळाला सर्दी झाली असं मी म्हणत नाही. हवा बदलली होती, फटाक्यांचा धूर होता, घरात माणसांची ये-जा होती. कशाने झाली हे कोणी सांगू शकत नाही. पण मी घरोघरी सांगून देत होते, आणि जिथे ओली बाळंतीण होती नेमकी तिथेच माझी नानकटाई न सांगता गेली. तीही माझ्या खुणेसकट.

बाळाला मी हात लावला नाही. टोपडं-झबलं सतरंजीवर ठेवलं. मग म्हटलं, "उरल्या असतील त्या दे परत." दिलेलं परत मागणं बरं दिसत नाही. तरी मागितलं. तिने पिशवी आणून दिली. ती अजून अर्धी भरलेली होती. पुरवून पुरवून खात होते बिचारे.

परत आले तेव्हा बहीण ओट्याशी उभी होती. मी पिशवी तिच्यासमोर ठेवली.

"हे पाह्य."

तिने पाहिलं. पहिलं वाक्य काय बोलली? "तिनं दाखवल्या का तुले?"

"तिच्यावर कशाले घसरते? तू मले नको म्हणाली असती तं मी तुले खाल्लं असतं का?"

"तुले वाईट वाटलं असतं ताई."

"मले काय वाटते न काय नाई, हे तुले आता शिकवू का?"

"तवाची गोष्ट निराळी होती. आता तू एकटी रायते. म्हटलं, दिवाळीचं मन कशाले मोडा."

हे मला नानकटाईपेक्षा जास्त लागलं. मला वाटत होतं आम्ही दोघी बोलत आहोत. ती माझं मन राखत होती. एकट्या म्हातारीशी लोक बोलतात तसं बोलत होती, आणि कधीपासून बोलत होती कोणास ठाऊक. पक्कं का म्हणून विचारलं तरी पक्कं म्हणाली. चार खाल्ल्या म्हणाली. त्या चार नानकटाया तिला कोणी मागितल्या नव्हत्या, तिने आपल्या मनाने जोडल्या.

"बरं," मी म्हटलं. "माह्यं मन राखलं. मग तिले कशाले दिल्या? घरात बाळंतीण आहे, तूनंच सांगितलं मले."

"मंग फेकाच्या होत्या का? अन्न आहे ते. आन् त्या लोकायले काई होत नाई ताई. कनखर रायतात ते."

"पोराचं नाक बंद आहे. दूध पेता नाई येत त्याले."

"लहान लेकरायले होतच रायते."

"तुह्या नवऱ्याची छाती ते छाती, आन् तिच्या नातवाची लाकडाची का?"

आतल्या खोलीत तिच्या नवऱ्याने टीव्हीचा आवाज वाढवला.

तिने डोळ्यांना पदर लावला, फळीवरून माझा डबा काढला आणि त्यात चिवडा भरायला लागली. वरून संत्री ठेवली. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, निदान साखर तरी घालतात. मी डबा तिच्या हातून घेतला, संत्री ओट्यावर ठेवली आणि चिवडा परातीत ओतला.

"ताई, रिकामा डबा नेते का कोनी?"

"मी नेते."

"लोक काय म्हनतीन?"

"डब्यात काय आहे हे लोकांले दिसत नाई."

पिशवी मी बसस्टँडवरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. अन्न फेकू नये म्हणतात. मी फेकलं. पांढुर्ण्याची बस उभीच होती. मांडीवर डबा घेऊन बसले. बस हलली की झाकण वाजायचं, म्हणून त्यावर हात ठेवावा लागला.

मास्तरणीला मी सांगून ठेवलं होतं, तिने जाता-येता चौकशी केली. पोरगं बरं झालं, दूध ओढायला लागलं. बाईने माझ्यासाठी निरोप धाडला, मावशीनं मनाला लावून घेऊ नये. मी मनाला काय लावून घेतलं हे तिला माहीत नाही, आणि तिला सांगण्यासारखं ते नाही.

बहिणीचे फोन येतात. मी उचलते. भांडण धरून बसण्याचं आमचं वय नाही. "जेवली का?" विचारते. मी "हो" म्हणते. "तब्येत कशी?" म्हणते. मी "बरी आहे" म्हणते. खोकला असला तरी बरी आहे.

या उन्हाळ्यात तिने आंब्याचं लोणचं पाठवलं, मास्तरणीच्याच हाती. मी चाखून पाहिलं. मीठ कमी होतं. असं लोणचं पहिल्याच पावसात बुरशी धरतं, आणि ती तर वर्षाची बरणी एकदम भरते. पूर्वी मी हात धुवायच्या आधी फोन केला असता, आताच्या आता मीठ घाल नाहीतर बरणी गेली म्हणून.

संध्याकाळी तिचाच फोन आला.

"कसं झालं वं ताई लोनचं?"

"मस्त झालं," मी म्हटलं.