उतरल्यावर टाकजा

खामगावहून मोताळ्याला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला. वऱ्हाडी विनोदाच्या रील्समुळे चेहरा ओळखीचा होता. मोबाइल त्याने मांडीवर पालथा ठेवला होता. तो थरथरला की हा तळव्याने दाबून धरायचा.

मागच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "काऊन रे भाऊ, मोबाइलवर तं लय बोलतो, इथं तोंड शिवलं का?"

"फुकटात नाही बोलत, मावशी."

सगळे हसले. बाईंनी सेल्फी घेतला. तोही सवयीने हसला.

मग त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. लग्नातल्या मानपानावरचा त्याचा विनोद कुणाला तरी झोंबला होता. त्या अनोळखी माणसाच्या निरोपात शिवी नव्हती. निळ्या दाराचा फोटो होता, उंबऱ्यात तूर निवडणारी म्हातारी होती आणि खाली एक ओळ होती : 'आई दुपारी एकटीच असते.'

"सारे रील त्याच दारात काढले," तो म्हणाला. "गावाचं नावही दरवेळी मीच सांगत होतो."

एकदम आठवून तो मागे वळला. "मावशी, फोटो मी उतरल्यावर टाकजा."

"टाकला बी! खामगाव-मोताळा गाडीत आपला भाऊ, असं लिहून."

"म्हणजे मी घरी नाही, हे समजलं साऱ्यायले," तो पुटपुटला.

त्याने आईला फोन लावला. बऱ्याच वेळाने तिने उचलला.

"माय, दार लावून घे. कोणी माह्यं नाव सांगितलं तरी उघडू नको."